पिंजऱ्यातून भिंतीवर

27 जानेवारी 1896 रोजी साउथ वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 57 माणसं गेली. अशा स्फोटात माणसं भाजून किंवा चिरडून मरतात, असं तेव्हा बरेच जण धरून चालत. जॉन स्कॉट हॉल्डेन हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिथे पोचला, त्यानं मृतदेह पाहिले, रक्त तपासलं, आणि त्याला निराळंच दिसलं. कित्येकांच्या अंगावर जीव जाईल अशी जखमच नव्हती. कातडी मात्र गुलाबी, धडधाकट माणसाची असावी तशी. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण. स्फोटातून वाचलेल्या माणसांना त्यानंतर खाणीत पसरलेल्या वायूनं गाठलं होतं.

घराच्या भिंतीवर लावायच्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो, हे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यानं 1850 च्या दशकातच दाखवून दिलं होतं. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट अशी ही पकड असते. हॉल्डेननं पुढचा प्रश्न विचारला: माणसाला हे कळणार कसं? या वायूला रंग नाही, वास नाही, तो घशाला खवखवत नाही. 1895 मध्ये त्यानं तो मोजून मापून स्वतः हुंगला आणि काय होतं ते टिपून ठेवलं. डोकं दुखतं, नजर अंधुक होते, पाय लटपटतात. त्याहून घातक म्हणजे विचारशक्तीच मंदावते. धोका ओळखायचं साधन म्हणजे मेंदू, आणि हा वायू तोच आधी निकामी करतो. म्हणून इशारा देणारं कुणीतरी शरीराबाहेर हवं.

हॉल्डेननं लहान उष्णरक्ताचे प्राणी सुचवले. उंदीर किंवा कॅनरी पक्षी यांचा श्वास जलद चालतो, त्यामुळे विष त्यांच्या अंगात माणसाच्या कितीतरी आधी भिनतं. उंदरापेक्षा पक्षी सोयीचा ठरला, कारण तो दांडीवरून कलंडला की कंदिलाच्या उजेडातही दिसतो. 1911 पासून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी ठेवणं हा रीतसर नियम झाला.

मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात त्या काळचा एक पिंजरा जपून ठेवला आहे. धातूची पेटी, समोर गोल दार, दाराच्या आत जाळी, आणि वरच्या बाजूला आडवी बसवलेली ऑक्सिजनची नळकांडी. तीच उचलायची मूठही. पक्षी बेशुद्ध पडला की खाणकामगार दार लावून घेत, नळकांडीची चावी फिरवत आणि पक्ष्याला शुद्धीवर आणत. हॉल्डेनच्या कामाबद्दल लिहिताना मला ही पेटी सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या जिवावर आपला जीव टांगलेला आहे, त्याची निगा राखायची व्यवस्था त्याच वस्तूत केलेली होती. 1986 च्या अखेरीस ब्रिटननं कॅनरींना खाणीतून रजा द्यायचं जाहीर केलं, तेव्हाही दोनशेच्या आसपास पक्षी कामावर होते.

 

खाणीतला हा शत्रू कॅनरींच्या आधीपासूनच घराघरांत नळानं येऊ लागला होता. एकोणिसाव्या शतकात शहरं उजळली ती कोळशापासून काढलेल्या गॅसवर. मुंबईच्या रस्त्यांवरचे गॅसचे दिवेही त्याच जातीचे. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे. पुढे नैसर्गिक वायू आणि सिलिंडरचा गॅस आला. त्यात हे विष नसतं, पण ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की तिथेच तयार होतं.

पक्ष्याच्या जागी यंत्र बसवायचे प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जोरात सुरू झाले. मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचं हॉपकॅलाइट नावाचं मिश्रण अमेरिकेत तयार झालं. त्यावरून कार्बन मोनॉक्साइड गेला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णता निघते. ती मोजली की वायू किती ते कळतं. पॅलेडियमच्या क्षारानं काळे पडणारे ठिपकेही निघाले. पण ठिपक्याकडे कुणीतरी जागेपणी बघायला हवं, आणि घरातले बळी बहुधा झोपेत जातात.

घरात आवाज करणारी वस्तू शक्य झाली ती जपानमुळे. नाओयोशी तागुची यानं 1960 च्या दशकात टिन ऑक्साइडचा संवेदक बनवला. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि विजेला अडवतो. जळणारा वायू आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो आणि वीज मोकळी वाहते. कल्पना सुरेख, पण हा संवेदक अल्कोहोलच्या वाफेनंही फसे आणि सतत तापवत ठेवावा लागे. आजच्या बहुतेक घरगुती अलार्ममध्ये विद्युत-रासायनिक घट असतो. वायूचे रेणू त्यातल्या इलेक्ट्रोडवर पोचले की अगदी बारीक प्रवाह वाहतो. वीज इतकी कमी लागते की अलार्म बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतो.

मग प्रश्न आला तो किती वायूवर ओरडायचं याचा. शिकागो शहरानं ऑक्टोबर 1994 पासून घरांत हे अलार्म सक्तीचे केले, आणि त्याच हिवाळ्यात थंड हवा शहरावर अडकून राहिली तेव्हा अग्निशमन दलाकडे फोनचा पूर आला. लोक चिडले, अलार्म काढून ठेवू लागले. मग अमेरिकी मानक सुधारलं. आता दहा लाखात 70 भाग वायू असेल तर अलार्म एक ते चार तासांत वाजतो, 400 भाग असेल तर 4 ते 15 मिनिटांत. 30 भागांवर महिनाभरही वाजता कामा नये. हा तोल राखणं भाग होतं हे मला मान्य आहे. पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा: अलार्म गप्प आहे म्हणजे हवा शुद्ध आहे असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 4 मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाखात चारही भाग नाही. गरोदर बाई किंवा हृदयविकार असलेलं माणूस घरात असेल तर अलार्मची वाट पाहू नये, दुखणाऱ्या डोक्याचं ऐकावं.

पक्ष्यासारखंच या घटालाही आयुष्य असतं. त्यातलं द्रावण सुकत जातं, पाच ते दहा वर्षांत तो थकतो. चाचणीचं बटण दाबल्यावर येणारा आवाज मुख्यतः बॅटरी आणि भोंगा ठीक असल्याचं सांगतो. घटात दम आहे का, हे त्यावरून कळत नाही.

आपल्याकडे थंडीच्या दिवसांत न्हाणीघरातल्या गॅस गीझरनं माणूस गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. लहान खोली, बंद दार, खिडकी नाही, आणि आत पेटलेली ज्योत. आंघोळीला गेलेलं माणूस झटका येऊन पडलं की अनेकदा अपस्माराचं निदान होतं. बंगळूरच्या डॉक्टरांनी असे रुग्ण अभ्यासून गीझरकडे बोट दाखवलं आहे. बाजारात मिळणारा स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म इथे कामाचा नाही. तो सिलिंडरच्या गॅससाठी असतो आणि तो गॅस जड म्हणून जमिनीलगत लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच हलका असतो.

गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. अलार्म ही त्यानंतरची गोष्ट. घ्याल तेव्हा तो कार्बन मोनॉक्साइडसाठीच आहे ना, हे डब्यावर वाचून घ्या आणि झोपायच्या खोलीजवळ लावा. महिन्यातून एकदा बटण दाबा, जाळीवरची धूळ पुसा, मुदत संपली की बॅटरी नव्हे, अख्खा अलार्म बदला. शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही चालवू नका. आणि अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका: घरातल्या सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा, मग फोन करा.