स्पोलेतो–नोर्चा सायकलमार्ग

स्पोलेतो–नोर्चा सायकलमार्ग हा मध्य इटलीच्या उंब्रिया प्रदेशातील, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर विकसित करण्यात आलेला सायकल व पदभ्रमण मार्ग आहे. मूळ रेल्वेमार्गाची लांबी सुमारे ५१ किलोमीटर होती. स्पोलेतो शहरापासून निघणारा हा मार्ग डोंगररांग ओलांडून नेरा नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पुढे नेरा, कोर्नो व सोर्दो या तीन नद्यांच्या काठाने नोर्चा या गावापर्यंत जातो. नेराच्या खोऱ्याला व्हालनेरिना असे म्हणतात. नदीकाठची निसर्गदृश्ये, जुने बोगदे व पूल आणि मध्ययुगीन चर्च यांसाठी हा मार्ग ओळखला जातो. २०१६ च्या भूकंपात या परिसरातील अनेक धार्मिक वास्तूंची मोठी हानी झाली.

भूगोल

नेरा नदी सिबिल्लिनी पर्वतात उगम पावते आणि ओर्ते गावाजवळ तिबेर नदीला मिळते. नोर्चाच्या पठाराकडून येणारी सोर्दो नदी सेर्राव्हाल्ले येथे कोर्नोला मिळते, तर कोर्नो त्रिपोंत्सो येथे नेराला मिळते. सायकलमार्ग या संगमांच्या क्रमानेच प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत जातो.

खोऱ्यातील डोंगर प्रामुख्याने चुनखडीचे आहेत. पाऊस व वितळलेल्या बर्फाचे पाणी या खडकात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे नेराचे पाणी थंड व स्वच्छ असून त्यात ट्राउट मासा आढळतो. त्रिपोंत्सोजवळ गंधकयुक्त गरम पाण्याचे झरेही आहेत. याच डोंगरांत सक्रिय भूकंपीय प्रस्तरभंग असल्याने हा प्रदेश इटलीतील सर्वाधिक भूकंपप्रवण प्रदेशांत गणला जातो.

इतिहास

खोऱ्यातील अरुंद घळींमुळे नोर्चाचा बाहेरील जगाशी संपर्क दीर्घकाळ अवघड होता. त्रिपोंत्सोनजीक कोर्नोच्या घळीत कडा कोरून काढलेली 'बाल्झा ताल्याता' नावाची प्राचीन वाट आजही दिसते.

१ नोव्हेंबर १९२६ रोजी स्पोलेतो–नोर्चा रेल्वे सुरू झाली. ९५० मिलिमीटर रुंदीच्या या अरुंद मापाच्या मार्गावर आरंभापासून विजेवर चालणाऱ्या गाड्या धावत होत्या. मार्गाची आखणी स्विस अभियंता एर्विन टोमान यांनी केली होती. मार्गावर १९ बोगदे व २४ पूल होते. त्यांपैकी काप्रारेच्चा बोगदा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा असून तो स्पोलेतो व नेरा खोरे यांमधील डोंगराच्या पोटातून जातो. बोगद्यानंतरचा उतार सौम्य राहावा म्हणून रूळ वळणावळणांनी स्वतःच्याच वरून नेण्यात आले होते. या रचनेमुळे स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड रेल्वेशी या मार्गाची तुलना केली जाते. मार्गाचा कमाल चढ दर १००० मीटरला ४५ मीटर इतका होता.

रस्ते वाहतूक वाढल्यानंतर ३१ जुलै १९६८ रोजी ही रेल्वे बंद झाली व रूळ काढून टाकण्यात आले. पुढे रिकाम्या मार्गाचे टप्प्याटप्प्याने सायकलमार्गात रूपांतर करण्यात आले. बराचसा मार्ग खडी व मातीचा आहे. मोठ्या बोगद्यांत अंधार व गारवा असल्याने सायकलस्वारांना दिवा व उबदार कपडे जवळ ठेवावे लागतात.

मार्गावरील व परिसरातील धार्मिक वास्तू

स्पोलेतो: शहराच्या मुख्य चर्चच्या दर्शनी भिंतीवर १२०७ मधील कुट्टिमचित्र आहे. आतील घुमटाकार भागात फ्रा फिलिप्पो लिप्पी या चित्रकाराने १४६७ ते १४६९ या काळात मेरीच्या जीवनावरील भित्तिचित्रे रंगवली. १४६९ मध्ये लिप्पीचे स्पोलेतो येथेच निधन झाले व त्याचे थडगेही याच चर्चमध्ये आहे. शहरातील सान साल्व्हातोरे चर्चचा २०११ मध्ये इटलीतील लोम्बार्ड वास्तूंच्या गटात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सान फेलिचे दि नार्को: सांतानातोलिया दि नार्को गावाजवळ, नेराच्या काठी असलेले हे चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचे आहे. दर्शनी भिंतीवरील चक्राकार गवाक्षाच्या खाली एका अजगरसदृश राक्षसाच्या वधाचे शिल्प कोरलेले आहे. आख्यायिकेनुसार सीरियातून आलेले संत माउरो व त्यांचा पुत्र फेलिचे यांनी या राक्षसापासून खोऱ्याची सुटका केली. येथील भूमी पूर्वी दलदलीची असल्याने, रोगट दलदल कोरडी करून जमीन लागवडीखाली आणण्याच्या कार्याचे हे रूपक असल्याचे मानले जाते.

व्हाल्लो दि नेरा: नदीच्या वर टेकडीवर वसलेल्या या तटबंदीच्या गावातील सांता मारिया चर्च तेराव्या शतकातील आहे. कोला दि पिएत्रो या चित्रकाराने १४०१ मध्ये येथे पांढरी वस्त्रे परिधान केलेल्या भाविकांची मिरवणूक रंगवली. १३९९ मध्ये इटलीभर पसरलेल्या प्रायश्चित्त चळवळीचे हे जवळजवळ समकालीन चित्रण आहे.

सान पिएत्रो इन व्हाले: हा मठ मुख्य मार्गावर नाही. सांतानातोलियाहून नेराच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेस गेल्यास फेरेंतिल्लोच्या हद्दीत तो लागतो. स्पोलेतोचा लोम्बार्ड सरदार फारोआल्द दुसरा याने आठव्या शतकात त्याची स्थापना केल्याचे मानले जाते. येथील वेदीच्या शिलापटावर उर्सुस या शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे. शिल्पकाराने आपले नाव कोरून ठेवल्याचे त्या काळातील हे दुर्मीळ उदाहरण आहे. चर्चमध्ये बायबलमधील कथांवर आधारित रोमनेस्क शैलीतील भित्तिचित्रे आहेत.

नोर्चा: संत बेनेडिक्ट यांचा जन्म इ.स. ४८० च्या सुमारास नोर्चा येथे झाला असे परंपरा मानते. पश्चिम युरोपातील मठजीवनाला त्यांच्या नियमावलीने आकार दिला. १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना युरोपचे संरक्षक संत घोषित केले. गावाच्या मुख्य चौकातील सान बेनेदेत्तो बासिलिका त्यांच्या जन्मस्थानी उभी असल्याचे मानले जाते. तिच्या तळघरात रोमन काळातील बांधकामाचे अवशेष आहेत.

भूकंप व पुनर्बांधणी

नोर्चाला १७०३, १८५९ व १९७९ मध्ये मोठ्या भूकंपांचा तडाखा बसला. १८५९ नंतर तत्कालीन पोपशासित राज्याने नवीन बांधकामासाठी नियम लागू केले व इमारतींची उंची मर्यादित केली. त्यामुळे जुन्या नोर्चातील घरे आजही ठेंगणी दिसतात.

३० ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. १९८० नंतरचा इटलीतील हा सर्वांत तीव्र भूकंप होता. आधीच्या धक्क्यांमुळे अनेक रहिवासी घराबाहेर राहत असल्याने नोर्चात इमारतींखाली सापडून कोणाचा मृत्यू झाला नाही. सान बेनेदेत्तो बासिलिका मात्र कोसळली. तिची दर्शनी भिंत जवळपास एकटीच उभी राहिली आणि तिला तातडीने आधार देण्यात आला. गावातील सांता मारिया अर्जेंतेया हे चर्चही उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यातील कोरीव दगड वेगळे करून जतन करण्यात आले व बासिलिकेच्या पुनर्बांधणीत मूळ दगडांचा उपयोग करण्यात आला. भूकंपानंतर नऊ वर्षांनी, २०२५ मध्ये, बासिलिका पुन्हा खुली झाली.

या भूकंपाचा परिणाम नद्यांवरही झाला. १९७९ च्या भूकंपानंतर आटलेला तोर्बिदोने हा नोर्चाजवळील प्रवाह २०१६ मध्ये पुन्हा वाहू लागला व सोर्दोला मिळाला. जमिनीखालील खडकांत नव्या भेगा पडल्याने भूजलाचे मार्ग बदलले आणि नेरा खोऱ्यातील झऱ्यांचा प्रवाहही वाढला.

महत्त्व

बंद पडलेल्या रेल्वेचा पुनर्वापर, नदीखोऱ्याचे संवर्धन आणि भूकंपग्रस्त वारशाची पुनर्बांधणी हे तीन विषय या मार्गावर एकत्र येतात. नोर्चा हे डुकराच्या मांसाचे पदार्थ व काळ्या ट्रफल कवकासाठीही प्रसिद्ध आहे. घळीतील कड्यांवरून दरडी कोसळण्याचा धोका असल्याने मार्गाचे काही भाग वेळोवेळी बंद ठेवले जातात. त्यामुळे प्रवासापूर्वी स्थानिक प्रशासनाकडून मार्गाच्या स्थितीची माहिती घेणे आवश्यक ठरते.