करमाफी प्रमाणपत्र : ठेकेदार आणि उपठेकेदार

बांधकामात वापरलेल्या मालावर विक्रीकर लागू नाही, किंवा तो ठेक्याच्या साखळीतल्या दुसऱ्या कोणी भरला आहे, हे करखात्यापुढे दाखवणारा कागद. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ठेकेदार 'एसटी-120.1' हा नमुना भरून दुकानदाराला देतो आणि करमुक्त संस्थेच्या कामासाठी लागणारा माल विक्रीकर न भरता उचलतो. महाराष्ट्रात हेच काम काळानुसार वेगवेगळ्या कागदांनी केले.

पूर्वपीठिका : ठेक्यातल्या सिमेंट-सळईवर विक्रीकर लागतो का, हाच मूळ वाद होता. 1958 मध्ये गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इमारतीचा ठेका अखंड असतो. त्यात मालाची वेगळी विक्री होत नाही. राज्यांचा हात त्यामुळे बांधला गेला. 1982 च्या 46 व्या घटनादुरुस्तीने कलम 366 मध्ये (29-अ) हा खंड घातला, तेव्हा तो मोकळा झाला. पुढे महाराष्ट्रात ठेक्यांवरील विक्रीकराचा स्वतंत्र कायदा 1989 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला.

व्हॅटचा काळ : नालासोपाऱ्यात एका इमारतीचा ठेका एकाने घेतला आणि प्लास्टर, लादी 'विथ मटेरियल' दुसऱ्याला दिली, असे समजा. लादी एकच, बिले मात्र दोन. दोघांकडूनही कर घेतला तर तो दुहेरी होणार. म्हणून कायद्याने दोघांना संयुक्तपणे जबाबदार धरले आणि 406 ते 409 हे नमुने ठरवून दिले. मुख्य ठेकेदाराने कर भरला तर प्रमाणपत्र तो उपठेकेदाराला देई. उपठेकेदाराने भरला तर उलट. काम संपले, हिशेब मिटला, पण हा कागद मागायचा राहिला, की भरलेल्या कराचा पुरावा जमवताना छोट्या उपठेकेदाराची दमछाक होई.

आंध्र प्रदेश विरुद्ध लार्सन अँड टुब्रो या 2008 च्या निकालाने त्याची बाजू आणखी स्पष्ट केली. उपठेकेदाराने बसवलेला माल थेट मालकाच्या इमारतीचा भाग होतो, त्यामुळे विक्री एकदाच घडते, असे न्यायालयाने म्हटले.

जीएसटीनंतर : 1 जुलै 2017 पासून बांधकामाचा ठेका ही 'सेवा' ठरली आणि व्हॅटचे नमुने संपले. आता माफी प्रमाणपत्रावर नव्हे, कामाच्या स्वरूपावर आणि काम कोणाचे आहे यावर ठरते. महापालिकेला घटनेच्या कलम 243-डब्ल्यूखालील कामांसाठी दिलेली, माल नसलेली निव्वळ सेवा करमुक्त आहे. मालाचे मूल्य 25 टक्क्यांपेक्षा जास्त नसलेली मिश्र सेवाही 25 जानेवारी 2018 पासून त्यात आली.

नालासोपाऱ्याला हा नियम जवळचा आहे. दर पावसाळ्यात इथे पाणी तुंबते, म्हणून त्याआधीची नालेसफाई महत्त्वाची. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेने असे निव्वळ सेवेचे काम ठेक्याने दिले, तर मुख्य ठेकेदाराच्या बिलावर जीएसटी नाही. तोच ठेकेदार चालकासह पोकलेन दुसऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडून घेतो, तेव्हा त्या बिलावर मात्र 18 टक्के लागतो, कारण ती सेवा महापालिकेला नव्हे, ठेकेदाराला मिळते. ठेकेदाराचे स्वतःचे काम करमुक्त असल्याने या 18 टक्क्यांचे क्रेडिट त्याला मिळत नाही. ती रक्कम खर्चात जाते. त्यामुळे दर ठरवतानाच 'जीएसटीसह की वेगळा' हे कार्यादेशात लिहून घेणे उपठेकेदाराच्या हिताचे असते.

टीडीएस : करपात्र कामाचा करार अडीच लाखांहून मोठा असेल, तर 1 ऑक्टोबर 2018 पासून महापालिका बिलातून 2 टक्के जीएसटी कापते. जीएसटी वगळून एक लाखाचे बिल असेल, तर केंद्राचे 1,000 आणि राज्याचे 1,000 रुपये कापले जातात. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत ते भरून विवरण दिले, की पोर्टलवर 'जीएसटीआर-7ए' प्रमाणपत्र मिळते. ठेकेदाराने तिथे नोंद स्वीकारली, तरच पैसे त्याच्या रोख खातेवहीत येतात. ही कपात माफी नव्हे. तो आगाऊ जमा झालेला करच.

मजुरीचा ठेका : सामान मालकाचे आणि मजुरी ठेकेदाराची, असा 'लेबर रेट'चा ठेका एकट्या नव्या घरासाठी असेल तर करमुक्त आहे. त्याच गवंड्याने त्याच दराने दहा खोल्यांची चाळ बांधली, तर ही माफी मिळत नाही, कारण एकापेक्षा जास्त घरांची इमारत 'निवासी संकुल' ठरते. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर एरवी त्याला जीएसटी नोंदणीची गरज नसते.