सुरक्षा समितीपुढील हैदराबाद आणि गुडीहत्नूर

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या मार्गावरील गुडीहत्नूर 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाले नाही. ते निजामाच्या राज्यात होते. परतंत्र देश स्वतंत्र होत असता बड्या राष्ट्रांच्या स्पर्धेची छाया कोठवर पोचली, हे पाहण्यास हा मुलूख आम्हांस उपयुक्त वाटतो.

21 ऑगस्ट 1948 रोजी निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. भारतीय फौजा 13 सप्टेंबरला संस्थानात शिरल्या. 16 सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा समितीने तो विषय आठ मतांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. बर्लिनच्या नाकेबंदीचे ते दिवस होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने युद्धबंदी पुकारली.

पुढे तेलंगणातील सशस्त्र लढ्याचा निर्णय करण्यासाठी कम्युनिस्ट पुढारी 1951 साली मॉस्कोस स्टॅलिनला भेटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लढा आवरला गेला.

संस्थानिकास पॅरिस होते, पक्षास मॉस्को होते. परंतु तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या जोडेघाट येथे रानजमिनीच्या हक्कासाठी लढताना 1940 साली मारल्या गेलेल्या गोंड कुमरम भीमाची तक्रार ऐकणारी सभा कोठेच नव्हती. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा व किनवट मुंबई राज्यात गेले, गुडीहत्नूर आंध्र प्रदेशात राहिले आणि 2014 साली तेलंगणात आले. सार्वभौमत्वाचे वाद मिटले, तरी रानजमिनीचा प्रश्न त्यांबरोबर मिटला नाही. नवस्वतंत्र राष्ट्राची खरी कसोटी तेथेच लागते, असे आमचे मत आहे.