मेंदूतला कचरा जातो कुठे?

परवा एका काकूंनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत विचारलं, "डॉक्टर, झोपेत मेंदू धुतला जातो म्हणे. मग यांना झोपेची गोळी सुरू केली तर विसरणं थांबेल का?" काका शेजारीच बसले होते. दोन मिनिटांत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून इथे लिहितोय.

शरीरभरातला पेशींचा कचरा लसिकावाहिन्या वाहून नेतात. मेंदूला त्या नसतातच, असं आम्ही एमबीबीएसला पाठ केलं होतं. गंमत अशी, की इटलीतल्या सिएना इथले पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्येच त्या मेंदूच्या आवरणात दाखवल्या होत्या. या बारीक नळ्यांत ते पारा भरत, म्हणजे त्या डोळ्यांना दिसत. त्यांची बाकी चित्रं नावाजली गेली. मेंदूच्या वाहिन्यांवर मात्र पुढे कुणी विश्वास ठेवला नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेत रेनेल्स आणि ग्रेडी यांनी प्राण्यांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात एक खुणेचा पदार्थ सोडला. काही मिनिटांतच तो रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आत खोलवर पोचला. धमनीचे ठोके मंदावले, की तो प्रवाहही अडे. तरीही हे काम मागेच पडलं.

मग २०१२ मध्ये रोचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने जिवंत उंदरांत हा प्रवाह पाहिला. पाणी धमन्यांच्या कडेने आत शिरतं, अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींवरच्या पाण्याच्या दारांतून पुढे सरकतं आणि अ‍ॅमिलॉइडसारखा कचरा घेऊन शिरांच्या कडेने बाहेर पडतं. पुढच्या वर्षी त्यांनीच सांगितलं, की झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

२०१५ मध्ये व्हर्जिनियात लुव्हो आणि किपनिस यांनी, आणि फिनलंडमध्ये दुसऱ्या एका गटाने, आवरणातल्या वाहिन्या पुन्हा शोधल्या. लुव्होंची युक्ती साधी होती: आवरण कवटीला चिकटलेलं असतानाच रसायनाने घट्ट करायचं आणि मग सोडवायचं. २०१७ मध्ये माणसातही एमआरआयवर त्या दिसल्या.

इथे व्हिडिओ संपतो, पण गोष्ट पुढे आहे. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांत उलटंच दिसलं: झोपेत आणि भुलेखाली सफाई कमी होते. वाद अजून चालू आहे. शिवाय गोळीने आलेली झोप आणि नैसर्गिक झोप एकच नव्हे, आणि उतारवयात या गोळ्यांनी गोंधळ उडतो, तोल जातो, माणूस पडतो.

काकांना मी गोळी लिहून दिली नाही. ते रात्री फार घोरतात, असं काकूंनी जाता जाता सांगितलं. त्याची तपासणी मात्र लिहून दिली.