सैनिकाच्या घरामागचं फूल

या वेळचा लेख भिलाईहून, आणि तो एका फुलावर आहे.

भिलाई म्हटलं की पोलाद. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. कारखान्यासोबत सेक्टर वसले, झाडं लागली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा माणूस काय आणि रोप काय, झाडाची सावलीच शोधतं.

इथे आलो तेव्हा शेजारच्या मावशींनी डे-लिलीचा एक गड्डा दिला. नारिंगी फूल. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत संपतं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर नवीन कळी फुलते. 'हेमेरोकॅलिस' या त्याच्या शास्त्रीय नावातही ग्रीक भाषेतले 'दिवस' आणि 'सौंदर्य' हेच दोन शब्द आहेत. खऱ्या लिलीसारखा कांदा याला नसतो. पाणी धरून ठेवणाऱ्या जाड मुळ्या असतात, म्हणून ते उन्हाळा काढतं.

याचं मूळ गाव पूर्व आशिया. 'शीजिंग' या चीनच्या अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यसंग्रहात एका सैनिकाच्या बायकोची कविता आहे. नवरा राजाच्या मोहिमेवर गेलेला. दुःख विसरायला लावणारी वनस्पती मिळाली तर घरामागे लावीन, असं ती म्हणते. ती वनस्पती म्हणजे डे-लिली, असं पुढच्या काळात मानलं गेलं. नंतर ते आईचं फूल झालं: लांबच्या प्रवासाला निघणारा मुलगा आईच्या दालनासमोर ते लावून जाई. आपल्या पेशातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

सोळाव्या शतकापर्यंत ते युरोपात पोचलं होतं. तिथून जगभर गेलेला नारिंगी प्रकार स्वतःचं बी धरत नाही. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या ए. बी. स्टाउट यांनी विसाव्या शतकात या वांझपणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. म्हणजे हे फूल पसरलं ते वाऱ्याने किंवा पाखरांनी नव्हे. कुणीतरी गड्डा फोडून दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून.

आता माझी चूक. कवितेतल्या 'घरामागे'चा अर्थ चिनी टीकाकारांनी घराची उत्तर बाजू असा लावला. मीही उत्तरेच्या भिंतीला गड्डा लावला, आणि मे महिन्यात पानं करपली. कारण भिलाई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात इथे सूर्य उत्तरेकडे कलून उगवतो आणि तसाच मावळतो, त्यामुळे उत्तरेची भिंतही तापते. जूनमध्ये तर भरदुपारीसुद्धा तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो.

मग गड्डा आंब्याच्या पूर्वेला हलवला. सकाळचं ऊन मिळतं, दुपारनंतर सावली. अगदी बुंध्याशी लावू नका. गडद सावलीत नुसती पानं येतात, फूल येत नाही, शिवाय झाडाची मुळं पाणी ओढून घेतात. सोबतीला हळद लावली. ती पावसाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात बसते, तेव्हा लिलीला उजेड मिळतो. ओल राहते तिथे अळू, ज्याला इथे कोचई म्हणतात. त्याच्याही आत, जास्त सावलीत, नेचे. वर वाळक्या पानांचं आच्छादन आणि पहाटे पाणी.

परवा मूव्हमेंट ऑर्डर आली. पहिला पाऊस पडला की गड्ड्याचे तीन भाग करणार. एक मावशींच्या अंगणात परत, एक नवीन येणाऱ्या हवालदारासाठी, एक साताऱ्याला घरी. फोनवर बायकोला चीनची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "विसरायला लावणारं झाड मला नको. तसंच आणायचं असेल तर आणा, पण लावायला तुम्ही स्वतः या."

सुट्टीचा अर्ज टाकला आहे. जय हिंद.