कामाला ‘लावणारा’ : मुंबईच्या गिरण्यांतील कामगारभरतीचा इतिहास

मराठीत मनुष्य कामाला लागतो, तसाच तो कामाला लावलाही जातो. ‘लागणे’ या अकर्मक धातूचे ‘लावणे’ हे प्रयोजक रूप होय. आणि प्रयोजक रूप आले की लावणारा कोण, हा प्रश्न ओघानेच येतो. ‘मामाने गिरणीत लावला’ या साध्या घरगुती वाक्यातला हा कर्ता मुंबईच्या औद्योगिक इतिहासात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेला दिसतो. त्याचे अधिकृत नाव जॉबर.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापिलेल्या गिरणीत 1856 साली काम सुरू झाले. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या भागांतून आलेल्या माणसांनी गिरण्या भरल्या, आणि 1920 नंतरच्या दशकात त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात पोहोचली. एवढ्या लोकांची भरती करणारे स्वतंत्र खाते मात्र बहुतेक गिरण्यांत नव्हते. खात्यातील यंत्रांची देखभाल, कामगारांवर देखरेख, नव्यांना काम शिकविणे, आणि नोकरी देणे वा तोडणे, ही सर्व कामे जॉबरकडे एकवटली होती. बायकांच्या रिळाच्या व गुंडाळणीच्या खात्यांत हेच काम नाईकिणी करीत. या शब्दाला गिरणीबाहेर जो कलावंतिणीचा अर्थ चिकटलेला होता, त्यामुळे त्या बाईच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार अभ्यासकांनी फारसा केलेला नाही.

जॉबर नोकरीच्या मोबदल्यात जे घेई त्याला दस्तुरी म्हणत. ‘दस्तूर’ म्हणजे रिवाज. लाचेला रिवाजाचे नाव मिळाले की देणाऱ्याची तक्रार अर्धी बुजते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तथापि दस्तुरीवरून जॉबर हा केवळ लुबाडणारा होता असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे ठरेल. पगार महिना भरल्यावरही काही दिवस उलटून हाती येई. नव्याने आलेल्या माणसाने तोवर खावे काय आणि निजावे कोठे? गाववाल्यांची खोली, खाणावळीतील उधारी, वाण्याची वही, यांपैकी कोठे ना कोठे जॉबरचा शब्द कामी येई. प्रसंगी पैसेही तोच देई. उलटपक्षी, आपली माणसे त्याच्यामागे उभी राहिली नाहीत तर खात्यातील त्याचे वजनही टिकत नसे. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांवरील 1994 च्या ग्रंथात जॉबरच्या या परावलंबनाकडे लक्ष वेधले आहे. 1928 च्या सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाकडे पाहता ते पटते. जॉबर जर खरोखरच सर्वसत्ताधीश असता, तर इतका दीर्घ संप त्याच्या इच्छेविरुद्ध उभा राहता ना, आणि त्याच्या एकट्याच्या इच्छेने टिकता ना.

मग त्याच्या सत्तेचे मूळ कोठे होते? माणसांची टंचाई असल्यामुळे मध्यस्थाची गरज पडली, असे पूर्वी मानीत. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 मध्ये हे मत खोडून काढले. माणसे मुबलक होती. वस्तुतः मूळ होते गिरणीच्या गरजेच्या चढउतारात. मालाला उठाव असेल तसे काम वाढे वा घटे, आणि रोज काही माणसे गैरहजर राहत. त्यांच्या जागा भरण्यासाठी सकाळी फाटकाशी माणसे उभी हवीत, पण त्यांचा पगार गिरणीच्या वहीत नको, अशी ही सोय होती. त्या गर्दीतून आज कोणाला आत घ्यावयाचे हे जो ठरवी, त्याच्या हाती सत्ता आपोआप येई.

या उभ्या असलेल्या माणसाचे नाव बदली. शब्दाचा प्रवास येथे मोठा बोलका आहे. ‘बदली’ ही मूळची क्रिया: एकाच्या जागी दुसरा येणे. गिरणगावात ती माणसाची संज्ञा झाली. ‘तो बदलीवर आहे’ याच्या शेजारी ‘तो बदली आहे’ हे वाक्य रूढ झाले, आणि त्याच्या उलट ‘तो कायम झाला’. तात्पुरती स्थिती सांगणारा शब्द माणसाची ओळख होतो, तेव्हा ती स्थिती तात्पुरती राहिलेली नसते.

1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरकडून नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा आणि त्यासाठी कामगार-अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने 1935 मध्ये बदली-नियंत्रणाची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक लोकांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. दस्तुरीला यामुळे काहीसा पायबंद बसला, हे मान्य केले पाहिजे. पण योजनेने बदलीची नोंद केली, बदलीपण नाहीसे केले नाही. स्वातंत्र्यानंतर 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांस कळविणे अनेक आस्थापनांवर बंधनकारक झाले. तरीही 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात वर्षानुवर्षे कायम न झालेले बदली कामगार मोठ्या संख्येने होते.

गिरण्या गेल्या, लावणारा गेला नाही. गिरण्यांतही कानी पडणारा ‘मुकादम’ हा शब्द आज सर्वाधिक ऐकू येतो तो साखर कारखान्यांच्या ऊसतोडीत. अरबी मुकद्दम, म्हणजे पुढे उभा केलेला. जॉबर नोकरी दिल्यावर पैसे घेई. मुकादम हंगामाआधीच पैसे देतो. या आगाऊ रकमेला उचल म्हणतात. दिशा उलटी, हेतू तोच. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर उतरते. म्हणून हंगामभर माणूस हजर राहण्याची हमी कारखान्याला हवी असते, आणि ती हमी कर्जाच्या रूपाने आधीच घेतली जाते. उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. बीडसारख्या जिल्ह्यांतून जोडप्याने निघणाऱ्या या कामगारांची मोजणी हत्याराच्या नावाने होते. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. बाई आजारी पडून एक दिवस कामावर आली नाही, तर तो खाडा. आणि खाड्याचा दंड जोडप्याच्या खात्यावर मांडला जातो.