स्टँड-अप कॉमेडियनची टूर नेमकी चालते कशी? तिकिटाचं गणित, गावोगावचे जोक आणि शो संपल्यानंतरची भीती

१७ ऑगस्ट २०२५. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाकीर खानने हिंदीत शो केला. तिथे हिंदीत मुख्य कार्यक्रम करणारा तो पहिला भारतीय कॉमेडियन. तुमच्या फीडमध्येही तो फोटो येऊन गेला असेल.

त्यानंतर महिनाभरातच याच झाकीरने इन्स्टाग्राम स्टोरीवर लिहिलं की तो गेलं वर्षभर आजारी आहे. दहा वर्षं सतत टूर, दिवसाला दोन-तीन शो, झोपेविना रात्री, पहाटेची विमानं, जेवणाची वेळ ठरलेली नाही, असं सगळं त्याने मोकळेपणाने सांगितलं. पुढची टूर मोजक्याच शहरांत करणार असल्याचंही कळवलं.

लोकांना प्रश्न पडला, तासभर उभं राहून गप्पा मारायच्या, त्यात एवढं थकायला काय होतं?

एक तासाचा शो तयार व्हायला किती दिवस लागतात?

बहुतेकांना एक ते दीड वर्ष. सुरुवात होते ओपन माइकपासून. कॅफेच्या मागच्या खोलीत तीस-चाळीस खुर्च्या, त्यातल्या निम्म्यांवर आपल्या नंबरची वाट बघणारे दुसरे कॉमेडियनच. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो, याला ‘लाइट देणं’ म्हणतात. लाइट दिसल्यावरही बोलत राहिलात तर पुढच्या वेळी स्पॉट मिळणं अवघड.

या पाच मिनिटांतून चालणारे दोन जोक मिळाले तरी ती रात्र चांगली गेली म्हणायची. पुढे चार-पाच जण मिळून करतात तो लाइनअप शो, तिथे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मग स्वस्त तिकिटाचे ट्रायल शो, जिथे कॉमेडियन वही किंवा मोबाइल हातात घेऊनच उभा असतो. प्रत्येक शोचं ऑडिओ रेकॉर्डिंग होतं. हशा कुठे आला, कुठे नुसती कुजबुज झाली, कुठला शब्द मागे घेतला तर वाक्य जास्त लागेल, हे रात्री खोलीवर बसून ऐकायचं. टूरवरची ही खरी रोजची नोकरी, आणि ती कुणालाच दिसत नाही.

एवढं करून तयार झालेला तास यूट्यूबवर टाकला की संपला. गाण्याचं तसं नसतं, लोक तेच गाणं ऐकायला पैसे देऊन येतात. ऐकलेल्या जोकसाठी कोणी तिकीट काढत नाही. म्हणून आधी टूर, मग रेकॉर्डिंग, मग पुन्हा शून्यापासून ओपन माइक असं चक्र चालतं.

मग रीलवर सतत प्रेक्षकांशी गप्पाच का दिसतात?

याचं उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. लिहिलेला जोक रीलवर टाकला तर तो जळतो. पहिल्या रांगेतल्या काकांना ‘तुम्ही काय करता?’ विचारून झालेली गंमत मात्र त्या रात्रीपुरतीच असते, ती टाकून काही बिघडत नाही. उलट तिकिटं खपतात. त्यामुळे क्राउड वर्कच्या क्लिप म्हणजे टूरची जाहिरात आहे. गोची अशी की रील पाहून आलेल्या प्रेक्षकाला वाटतं, शो असाच असणार. मग तो मधेच ओरडतो, स्वतःहून उत्तरं देतो. बांधून आणलेल्या तासाची लय त्याने तुटते. (पहिल्या रांगेत बसून ‘माझ्यावर जोक मार ना’ म्हणणारे तुम्ही असाल तर, प्लीज.)

अमेरिकेत काही मोठे कॉमेडियन प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पाऊचमध्ये ठेवायला लावतात, तेही याच कारणाने. जोक बाहेर फुटू नये.

पैशांचं गणित

इथे थोडं थांबू, कारण ‘हाउसफुल’ची पोस्ट पाहून सगळ्यांचा गैरसमज होतो. खालचे आकडे खऱ्या कोणाचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेत.

समजा, मुंबईतला एक मध्यम ओळखीचा कॉमेडियन नाशिक किंवा कोल्हापूरला दोनशे खुर्च्यांच्या जागेत शो लावतो. तिकीट ४९९ रुपये. १२० तिकिटं खपली, म्हणजे गल्ला ५९,८८० रुपये. तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपचं कमिशन दहा टक्के धरू, ५,९८८ गेले. जागा आणि साउंड १५,०००, तिघांचा प्रवास ९,०००, दोन खोल्या ५,०००, इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती ८,०००. ओपनरला ३,०००. हातात उरले १३,८९२. यात अजून कर धरलेला नाही.

आता तोच शो, तोच खर्च, फक्त तिकिटं १२०च्या जागी ८० खपली. गल्ला ३९,९२०. सगळं वजा केलं की ४,०७२ रुपये खिशातून. चाळीस रिकाम्या खुर्च्यांनी नफ्याचं रूपांतर तोट्यात केलं. त्यात पाऊस, भारताची मॅच, गावातली मिरवणूक, यातलं काहीही एक पुरतं.

म्हणून अनेकांची टूर प्रत्यक्षात कॉर्पोरेट शोवर जगते. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात अर्धा तास बोलायचं आणि ठरलेली फी घ्यायची. अटीही असतात: राजकारण नको, धर्म नको, शिव्या नकोत, आणि साहेबांवर जोक तर नकोच. समोर लोक जेवत असतात, चमच्यांचा आवाज हशापेक्षा मोठा असतो. बऱ्याच कॉमेडियनना हे काम आवडत नाही. पण तीन तोट्यातले शो एका कॉर्पोरेटने भरून निघतात, हेही तितकंच खरं.

सरकारी हिशेबातही हा धंदा जरा अधांतरी आहे. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातलं संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराच्या दीड लाखांपर्यंतच्या मानधनाला जीएसटीतून सूट आहे. स्टँड-अप ना लोककलेत बसतं, ना शास्त्रीय प्रकारात.

गाव बदललं की जोक बदलतो

मुंबईच्या लोकलवरचा जोक नागपुरात तसाच टाकला तर लोक सौजन्याने हसतात. दादरला कुठल्या बाजूने उतरायचं ही भीती ज्याने अनुभवली नाही, त्याला त्यात काय वाटणार? म्हणून टूरवरचे कॉमेडियन पहिली दोन-तीन मिनिटं त्या गावावर लिहितात. स्टेशनवरून रिक्षाने येताना ड्रायव्हरशी गप्पा मारायच्या, दुपारी कुठे जेवायचं ते विचारायचं, आणि रात्री तेच स्टेजवर. यातही घासून गुळगुळीत झालेले विषय आहेत. कोल्हापुरात तांबडा-पांढरा, नागपुरात ऊन, पुण्यात पाट्या. पुणेरी पाट्यांवरच्या जोकला आता पुणेकर हसतात ते केवळ पाहुण्याचा मान म्हणून, असं माझं मत आहे.

मराठीत स्टँड-अप करणाऱ्यांपुढे आणखी एक गोष्ट असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भाडिपासारख्या चॅनेलमुळे मराठी स्टँड-अप तरुणांपर्यंत पोहोचलं. पण जिल्ह्याच्या गावात येणारा प्रेक्षक नाटकाचा आहे. तो घरच्यांना घेऊन येतो, तिकीट काढण्याआधी ‘आईबाबांबरोबर बघता येईल ना?’ विचारतो. त्याला एकट्या माणसाने रंगमंच धरून ठेवणं नवीन नाही. पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने करायचे. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे, गिनेस बुकात त्याची नोंद झाली. माइकला टेकून वीस मिनिटं डेटिंग अ‍ॅपवर बोलणाऱ्या मुलाची तुलना नकळत त्यांच्याशी होते. बिचारा.

जागेचाही प्रश्न आहे. पालिकेच्या नाट्यगृहाच्या चांगल्या तारखा नाटकांना आधीच गेलेल्या असतात. शिवाय हजारभर खुर्च्यांमध्ये दीडशे माणसं विखुरली की हशा एकमेकांपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे शो होतात कॅफेत, हॉटेलच्या हॉलमध्ये, ब्रूअरीत. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत खाक झालं, आणि हक्काची एक जागा गेली.

शो संपल्यावर काय होतं?

शो संपला की बाहेर फोटोसाठी रांग लागते. टूरवरच्या कॉमेडियनसाठी ही रांग महत्त्वाची. पुढच्या वेळी मित्रांना घेऊन येणारा प्रेक्षक इथेच तयार होतो.

२ फेब्रुवारी २०२५ ला सोलापुरात प्रणित मोरेचा शो झाला. त्याच्या टीमने नंतर इन्स्टाग्रामवर दिलेल्या माहितीनुसार, फोटोसाठी गर्दी ओसरल्यावर ११-१२ जणांचं टोळकं चाहते म्हणून आलं आणि त्यांनी त्याला मारहाण केली. कारण, अभिनेता वीर पहाडियावर केलेला जोक. पहाडियाने आपला याच्याशी संबंध नसल्याचं सांगत माफी मागितली. या प्रकरणातली लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे ठिकाण: मारहाण स्टेजवर झाली नाही, फोटोच्या रांगेच्या जागी झाली. मोठ्या स्टारबरोबर बाउन्सर असतात. दोनशे खुर्च्यांच्या शोच्या हिशेबात बाउन्सरची ओळ कुठे होती, वर जाऊन पाहा.

कायद्याची बाजू वेगळी. १ जानेवारी २०२१ ला इंदूरच्या एका कॅफेत मुनव्वर फारुकीचा शो थांबवून त्याला अटक झाली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. शोशी संबंधित इतर काही तरुणही त्याच्यासोबत तुरुंगात होते, ज्यांची नावं आज फारशी कोणाला आठवत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुनव्वरचा बंगळुरूचा शो रद्द झाला, तेव्हा दोन महिन्यांत १२ शो रद्द झाल्याचं त्याने सांगितलं होतं. शो रद्द झाला की तिकिटाचे पैसे प्रेक्षकाला परत जातात. विमानाचे, जाहिरातीचे, हॉलच्या आगाऊ रकमेचे मात्र बहुतेक वेळा बुडतात.

मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या व्हिडिओवरून खारच्या हॅबिटॅटची तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी पालिकेचं पथकही तिथे पोहोचलं. जागेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. कामराचं प्रकरण राजकीय बातम्यांत गाजत राहिलं. पण ज्या नवख्या पोरांचे पाच-पाच मिनिटांचे स्पॉट त्या खोलीत होते, त्यांची सरावाची जागा त्या आठवड्यात गेली, हे कमी लोकांनी लिहिलं.

बायकांचा खर्च इथेही जास्त. रात्री साडेअकराला शो संपल्यावर शेअरिंग खोली, स्लीपर बस, शेवटची लोकल हे पर्याय मुलगे बिनधास्त घेतात. महिला कॉमेडियनला स्वतंत्र खोली, ओळखीची गाडी, शक्यतो शोच्या जवळचं हॉटेल बघावं लागतं. तिकीट मात्र तेच ४९९.

परदेशातल्या टूरचं काय?

त्याचंही ग्लॅमर फोटोत जास्त. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा फ्रिंजमध्ये ऑगस्टभर कॉमेडियन रोज तोच तास करतात, सुट्टी एखादीच. राहण्याचा खर्च इतका की नुकसान होणार हे धरूनच अनेक जण जातात. तिथे २०२३ मध्ये मुंबईच्या उरूज अशफाकला ‘ओह नो!’ या शोसाठी सर्वोत्तम नवोदित पुरस्कार मिळाला, तेव्हा इथे त्या महोत्सवाची चर्चा झाली.

अमेरिकेत साध्या पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन शो करता येत नाही. भारतीय कलाकारांसाठी बहुतेकदा पी-३ प्रकारचा व्हिसा काढला जातो. तो सांस्कृतिकदृष्ट्या वेगळ्या कार्यक्रमांसाठी असतो आणि त्यासाठी तिथल्या आयोजकाला अर्ज करावा लागतो. मराठी कलाकारांसाठी ही जबाबदारी घेणारं कोणीतरी मिळालं की शो ठरतात गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांत, तेही शनिवार-रविवारीच, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिस. मधले पाच दिवस मंडळातल्याच कोणाच्या तरी घरी राहायचं. यजमान प्रेमाने पिठलं-भाकरी करतात, मुलांना समोर बसवतात आणि जेवणानंतर म्हणतात, ‘अरे, दोन जोक होऊन जाऊ दे की.’